टाचेची भेग आणि दोन हजार वर्षांचं तेल

तह, लढाया, राजधान्या यांच्याबद्दल मी या मालिकेत बरंच बोलत आलोय. आज जरा खाली बघू. अगदी खाली, टाचेकडे. थंडी सुरू झाली की टाचांना भेगा पडतात, ओठ उलतात, पोटरीवर नख फिरवलं तर पांढरी रेघ उठते. या एवढ्याशा गोष्टीला इतिहास आहे आणि तो चांगला लांबलचक आहे. तुमच्यापैकी कोणी इंदूर-ग्वाल्हेरला असेल, कोणी बडोद्याला, कोणी दिल्लीत, कोणी तंजावरला. तंजावरकरांना आजच्या भागाचा व्यवहारात उपयोग थोडा कमी, पण इतिहास म्हणून त्यांनीही ऐकावं.

आधी एक साधी गोष्ट. थंड हवेला पाणी धरून ठेवता येत नाही. शून्य अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त पाच ग्रॅमच्या आतबाहेर वाफ मावते. २० अंशांना मावते सतरा ग्रॅमच्या आसपास. आता समजा, सिमल्याला बाहेर शून्य अंश आहे आणि घरात हीटर लावून तुम्ही २० अंश केले. हवा तीच, वाफ तेवढीच पाच ग्रॅम, पण भूक मात्र सतराची. ती भूक भागवायला ती हवा मिळेल तिथून पाणी ओढते, भिंतीतून, लाकडी कपाटातून आणि तुमच्या गालातून. म्हणजे हिवाळ्यात कातडीतलं जे जातं ते पाणी. आणि माणसानं दोन हजार वर्षं तिला दिलं काय, तर तेल! ही गोष्ट बरोबर होती की चूक, हे प्रयोग करून बघायला १९५२ साल उजाडावं लागलं. तिथे आपण येऊच.

सुरुवात चरकापासून करू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पाचव्या अध्यायात अभ्यंगाचा, म्हणजे अंगाला तेल चोळण्याचा विषय येतो. तिथे दिलेली उदाहरणं मला फार आवडतात, कारण ती दरबारातली नाहीत, कामाच्या जागेवरची आहेत. तेल मुरवलेलं मडकं, तेल चोळलेलं चामडं आणि वंगण घातलेला गाडीचा आस. या तीन गोष्टी जशा टिकाऊ होतात तसं तेलानं शरीर होतं, असं चरक सांगतो. बघा, लिहिणारा वैद्य, पण त्यानं पाहिलेला आहे कुंभार, चांभार आणि गाडीवान. कातड्याला तेल लावलं की ते तडकत नाही, हे ज्ञान आधी कारागिराच्या हातात होतं आणि मग ते वैद्याच्या पोथीत गेलं, असं माझं मत आहे. पुढे वाग्भटानं अष्टांगहृदयात ऋतुचर्या सांगितली, त्यात हेमंत ऋतूत अभ्यंग आहे, गरम पाणी आहे, उबदार पांघरुणं आहेत.

आता हे ज्ञान कोणाच्या अंगापर्यंत पोचत होतं? कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ इ.स. ११२९ च्या सुमाराचा. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातलं. या ग्रंथात राजाच्या उपभोगांची मोठी यादी आहे आणि स्नान हाही त्यातला एक उपभोग. सुगंधी तेल, ते चोळणारी तरबेज माणसं, मग स्नान. हे राजाचं झालं. पण घाण्यावरून घरी आलेलं पळीभर तेल गरिबाच्या घरात आधी फोडणीत जातं, मग दिव्यात, मग उरलं तर डोक्यावर. टाचेचा नंबर येईपर्यंत भांडं कोरडं! म्हणून मला दिवाळीच्या अभ्यंगस्नानाकडे नुसता धार्मिक विधी म्हणून बघवत नाही. थंडीच्या तोंडावर एक दिवस असा ठरवून दिलेला, की त्या दिवशी ऐपत असो-नसो, पोराबाळांच्या अंगभर तेल लागलंच पाहिजे. शिवाय क्रमही बघण्यासारखा आहे. आधी तेल, मग उटणं, मग पाणी. अंगावर आधी तेलाचा थर असला की उटण्यानं घासताना आणि कढत पाण्यानं कातडीचं स्वतःचं जे स्निग्ध असतं ते कमी धुतलं जातं. हा सण लावणाऱ्यानं एवढा विचार केला होता असा माझा दावा नाही. पण पद्धत टिकली, त्यामागे अंगाला बरं वाटत होतं हे एक कारण असणारच.

रोमन जगातही हाच उद्योग चालू होता. दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गेलन, रोमच्या बादशहांचा वैद्य, त्याच्या नावावर एक मलम सांगितलं जातं, मधमाश्यांचं मेण, ऑलिव्हचं तेल आणि गुलाबपाणी यांचं. तेलात पाणी घोटून बसवलेलं. ते लावलं की त्यातलं पाणी उडून जाताना कातडीला गार वाटतं, म्हणून पुढे त्याचं नाव पडलं कोल्ड क्रीम. आपल्याला वाटतं, कोल्ड म्हणजे थंडीत लावायचं क्रीम! तसं नाही, लावल्यावर गार वाटतं ते कोल्ड क्रीम. आपल्याकडचं शतधौत घृत हे त्याचंच लांबचं भावंड. तूप पाण्यात शंभर वेळा फेटून धुवायचं, की ते पांढरंशुभ्र, लोण्यासारखं हलकं होतं. दोन्हींत युक्ती तीच, पाणी आणि स्निग्ध पदार्थ यांचं लग्न लावायचं. हे विसरू नका, पुढे लागेल.

आता कोकणात उतरू, कारण माझ्या मते या सगळ्या कथेतला सगळ्यात हुशार पदार्थ तिथे आहे आणि त्याचं नाव कुठल्याही मोठ्या ग्रंथामुळे झालेलं नाही. कोकमाचं तेल. गोव्यात भिरंडेल म्हणतात, कोकणात काही ठिकाणी मुठेल. एप्रिल-मे महिन्यात रातांबे फोडतात. सालीची आमसुलं होतात, रसाचं आगळ होतं आणि बिया उरतात. एरवी टाकून द्यायची वस्तू. पण त्या वाळवून, फोडून, आतला गर कुटून पाण्यात उकळला की वर स्निग्ध तवंग येतो. तो काढून घेतला की थंड होताना घट्ट होतो आणि घट्ट होता होता बायका तो हाताच्या मुठीत दाबून त्याचे गोळे करतात. मुठीतलं तेल ते मुठेल. फिकट पिवळसर, पांढुरका, मेणासारखा कडक गोळा. कापडात गुंडाळून ठेवला की वर्षभर राहतो.

याची खुबी त्याच्या वितळण्यात आहे. कोकमतेल वितळतं ४० अंशांच्या आसपास. आपल्या पायाची कातडी त्याहून बरीच थंड. खोबरेल थंडीत बाटलीत गोठतं खरं, पण अंगाला लावलं की लगेच पातळ होऊन पायपुशीला आणि पांघरुणाला जातं. कोकमतेल तसं पळत नाही. ते पळीत पातळ करून भेगेत ओतायचं, सोसेल इतपत गरम असताना. भेगेत गेलं की ते थिजतं आणि बसून राहतं, जणू लांबी भरल्यासारखं. मी कोकणात फिरताना एका घरी हा गोळा चुलीच्या वर फळीवर ठेवलेला पाहिला होता आणि त्यावर अंगठ्याचे खळगे पडलेले होते. रोज रात्री कोणीतरी त्यावर अंगठा घासत होतं, ओठांना लावायला. आज हेच ‘कोकम बटर’ नावानं छोट्याशा डबीत मिळतं आणि किंमत बघून त्या फळीवरच्या गोळ्याची आठवण येते.

टाचेलाच एवढं का लागतं, तेही सांगतो. आपल्या बहुतेक अंगावर तैलग्रंथी आहेत, त्या घरचंच तेल पुरवतात. तळपाय आणि तळहात इथे त्या नाहीत. ओठांवरही जवळजवळ नाहीत. आणि तळपायाची कातडी तर सगळ्यात जाड. म्हणजे जाड चामडं, वंगण नाही, वर अंगाचं सगळं ओझं. चरकाचा गाडीचा आस इथे अगदी चपखल बसतो.

यानंतरचा मोठा पल्ला अमेरिकेत आहे. १८५९ साली पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिल इथे खनिज तेलाची विहीर लागली. रॉबर्ट चीजब्रो नावाचा एक तरुण रसायनज्ञ तिथे गेला. त्याचा आधीचा धंदा व्हेलच्या चरबीपासून दिव्याचं तेल काढण्याचा, आणि खनिज तेलानं तो बुडणार हे दिसत होतं. तिथे त्याला दिसलं की पंपाच्या दांड्यांना एक चिकट मेणचट साका धरतो. यंत्राला तो नकोसा, सारखा खरवडून काढावा लागायचा. पण कामगार तोच साका कापल्या-भाजल्या जागी लावत होते. चीजब्रोनं तो घरी नेला, वर्षानुवर्षं शुद्ध करत बसला आणि १८७२ साली त्याचं पेटंट घेतलं. नाव ठेवलं व्हॅसलिन. तो स्वतःच्या अंगावर जखमा करून गावोगाव त्याची प्रात्यक्षिकं द्यायचा आणि रोज चमचाभर खायचा म्हणे! तुम्ही खाऊ नका. तो मात्र ९६ वर्षं जगला, १९३३ पर्यंत.

बघा, पुन्हा तीच गोष्ट. मडक्याला, आसाला तेल लावणाऱ्यांचं पाहून वैद्यानं लिहिलं. इथे विहिरीवरच्या कामगारांचं पाहून रसायनज्ञानं डबी भरली. पेटंट मात्र डबी भरणाऱ्याचं. व्हॅसलिनमध्ये वास नाही, ते खवट होत नाही, कातडीतून उडून जाणारं पाणी रोखण्यात त्याच्याइतकं दुसरं काही चालत नाही. आणि स्वस्त. आपल्याकडे तर तो शब्दच सामान्यनाम झाला. कोणत्याही कंपनीची डबी असो, दुकानात जाऊन आपण मागतो व्हॅसलिनच. त्याचा एकच दोष, ते चिकट आहे. तोंड तेलकट दिसतं. आणि या एका दोषापायी पुढचा सगळा बाजार उभा राहिला.

कारण मग आली ‘स्नो’. स्टिअरिक ॲसिडपासून केलेलं पांढरं, हलकं क्रीम. चोळलं की दिसेनासं होतं. चेहरा चिकट नाही, वर पावडर नीट बसते. आपल्याकडे त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव अफगाण स्नो. इब्राहिम सुलतानअली पाटणवाला हे राजस्थानातून मुंबईला आलेले अत्तराच्या व्यवसायातले गृहस्थ. १९१९ साली त्यांनी ते बाजारात आणलं. नावाची गोष्ट अशी सांगतात की अफगाणिस्तानच्या राजानं बरणी उघडून बघितली आणि म्हणाला, हे तर आमच्याकडच्या बर्फासारखं दिसतंय. काही ठिकाणी या राजाचं नाव झहीर शाह असं येतं. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला इथे थांबावं लागतं. झहीर शाह गादीवर आला १९३३ साली आणि १९१९ मध्ये तो जेमतेम पाच वर्षांचा होता. तेव्हा एक तर राजा दुसरा, नाहीतर साल दुसरं, नाहीतर गोष्ट जाहिरातीतली. गोष्ट छान आहे, पण तारखा तिच्या बाजूनं साक्ष देत नाहीत. दुसरी गोष्ट अशी सांगतात की स्वदेशीच्या काळात बाटली जर्मनीची आणि लेबल जपानी म्हणून या क्रीमवर बहिष्कार पडला, तेव्हा पाटणवालांनी गांधीजींना पत्र लिहिलं आणि गांधीजींनी माल देशी असल्याचा खुलासा केला.

स्नो या शब्दाबद्दल मला एक सल आहे, तो बोलून टाकतो. जर्मनीत १९११ साली निव्हिया आलं, त्या नावाच्या मुळाशीही लॅटिन भाषेतला बर्फच आहे. क्रीम पांढरं, म्हणून नाव बर्फाचं, इथपर्यंत ठीक. पण आपल्या देशात पांढरं क्रीम आणि गोरा चेहरा यांची गाठ बाजारानं फार लवकर मारली. १९७५ साली फेअर अँड लव्हली आलं आणि मग ती गाठ सुटायची राहिलीच. नावातला ‘फेअर’ गळायला २०२० साल यावं लागलं. थंडीत गाल फुटतात ही गरज. त्या गरजेच्या डबीत मुलींना रंगाचा कमीपणा विकला गेला. फुटलेल्या गालाला रंगाशी काही देणंघेणं नसतं हो!

याच्या उलट, बंगालची हिरवी ट्यूब. १९२९ साली कलकत्त्यात गौरमोहन दत्त यांनी बोरोलीन काढलं. परदेशी मालाशी टक्कर द्यायची, हा हेतू उघड होता. आत काय? बोरिक ॲसिड, झिंक ऑक्साइड आणि लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतून निघणारी चरबी. मेंढी भर पावसात भिजत नाही ती हिच्याच जोरावर. ही चरबी पाणी धरून ठेवते. ट्यूबवर हत्तीचं चित्र, त्यामुळे वाचता न येणाऱ्यालाही ओळख पटायची. १५ ऑगस्ट १९४७ ला कंपनीनं एक लाखाहून जास्त ट्यूब फुकट वाटल्या. बोरोलीननं सौंदर्याचं आश्वासन फारसं दिलं नाही. कापलं, भाजलं, फुटलं, लावा. ओठ, टाच, कोपर, सगळ्याला एकच ट्यूब. कोलकात्यात राहिलेल्या मराठी माणसाला विचारा, हिवाळी टोपी आणि बोरोलीन यांच्याशिवाय तिथे थंडी येत नाही, मग तापमान १८ अंश का असेना! एक सावधगिरी मात्र सांगतो. बोरिक ॲसिड असलेलं काहीही तान्ह्या बाळाला लावू नका.

आता १९५२. अमेरिकेत अर्विन ब्लँक नावाचा शास्त्रज्ञ होता. त्यानं तळपायाच्या घट्ट्याचे तुकडे घेतले. घट्टा म्हणजे मेलेल्या कातडीचा जाड थर. ते तुकडे वाळवले, की कडकडीत झाले, वाकवले की मोडायचे. मग ते तेलात बुडवून ठेवले. काही फरक नाही! तसेच कडक. पाणी मिळालं, तसे ते मऊ झाले. इतका साधा प्रयोग, पण त्यानं दोन हजार वर्षांचा समज उलटा केला. कातडीला मऊपणा देतं ते पाणी. तेल मऊ करत नाही, तेल दार लावून घेतं, आतलं पाणी बाहेर जाऊ नये म्हणून. कोरड्याठाक पायावर कितीही तेल चोळा, दार लागलं खरं, पण घरात कोणी नाहीच!

मग जुनं सगळं चुकीचं ठरलं का? नाही. गेलनच्या मलमात पाणी होतं, शतधौत तुपात पाणी होतं. पाय गरम पाण्यात बुडवून, पुसून, मग कोकमतेल लावणाऱ्या आजीलाही ते ठाऊक होतं. फक्त का ते कोणी विचारलेलं नव्हतं.

पण जुनं ते सगळं सोनं असंही नाही आणि इथे विषय गंभीर होतो. उत्तर भारतात, बिहारमध्ये, बंगालमध्ये बाळाला मोहरीच्या तेलानं चोळतात. दिल्ली-लखनौकडच्या मराठी घरांनीही ही पद्धत उचललेली मी पाहिली आहे. ते तेल अंगाला ऊब देतं, असं वाटतं. २००२ साली गॅरी डार्मस्टाट आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या कातडीवर निरनिराळी तेलं लावून पाहिली. इजा झालेली कातडी सूर्यफुलाच्या तेलानं लवकर सावरली. मोहरी, ऑलिव्ह आणि सोयाबीन यांच्या तेलानं सावरायला उलट उशीर झाला. मोहरीची जी ऊब वाटते, ती बऱ्याच अंशी कातडीची जळजळ असते.

उंदरावर ठरलं म्हणून माणसावर ठरत नाही. मग ढाक्याच्या शिशु रुग्णालयात ३३ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांवर मोठा अभ्यास झाला, पाचशेच्या आसपास बाळं. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाची कातडी पुरी झालेलीच नसते. पाणी जातं, ऊब जाते आणि त्याच वाटेनं जंतू आत येतात. काही बाळांना सूर्यफुलाचं तेल लावलं, काहींना पेट्रोलियम जेलीच्या जातीचं मलम, काहींना काहीच नाही. तेल लावलेल्या बाळांना रुग्णालयात होणारा जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी झाला, हे २००५ साली प्रसिद्ध झालं. २००८ साली मृत्यूंचा हिशेब आला. सूर्यफुलाच्या तेलानं मृत्यू २६ टक्क्यांनी घटले, मलमानं ३२ टक्क्यांनी. खर्च बाळामागे अगदी किरकोळ. पुढे उत्तर प्रदेशात गावोगावी असाच प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२१ साली आले. सगळ्या बाळांचा मिळून फरक ठोस दिसला नाही, पण दीड किलो किंवा त्याहून कमी वजनाच्या बाळांमधले मृत्यू मात्र निम्म्यानं कमी झाले. म्हणजे गावातल्या धडधाकट बाळाला तेल कुठलं लावलं यानं जीवनमरणाचा फरक पडला नसेल, पण सगळ्यात अशक्त बाळाला तो पडला. घरात असं लवकर जन्मलेलं, कमी वजनाचं बाळ असेल तर तेल कुठलं, हे बाळाच्या डॉक्टरांनाच विचारा. शेजारच्या काकूंना आणि मलाही नको.

ज्या गोष्टीला आपण नट्टापट्टा समजतो, ती एका टोकाला इथे येऊन पोचते.

बाकी मोठ्यांसाठी, मी स्वतः काय करतो ते सांगतो, कारण व्याख्यान संपल्यावर हा प्रश्न येतोच. अंघोळ कोमट पाण्यानं आणि आटोपशीर. साबण काखेत आणि जांघेत, सगळ्या अंगाला नाही. अंग टिपून घ्यायचं, ओलसर असतानाच जे काही लावायचं ते लावायचं, त्या तीन-चार मिनिटांत. रात्री पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात, मग कोकमतेल किंवा साधी पेट्रोलियम जेली आणि वरून सुती मोजे. ग्लिसरीन वापरत असाल तर गुलाबपाणी मिसळूनच वापरा. ते पाणी ओढून घेणारं आहे आणि बाहेरची हवा कोरडी असेल तर नुसतं ग्लिसरीन तुमच्याच कातडीतून ओढतं.

साबण म्हटलं आणि आठवलं. थंडीत कातडीचं जेवढं नुकसान हवा करते, तेवढंच साबणही करतो आणि त्याचा इतिहास आपल्याकडे फार मजेशीर आहे. पहिलं महायुद्ध, अडकून पडलेलं चंदन आणि म्हैसूरचे महाराज, हे तीनही त्यात आहेत. पुढच्या भागात म्हैसूरला जाऊ.